काका अभ्यासाला बसलेत, हळू बोला!

अहो, ऐकलंत का? शिरूर-दौंडकडे सध्या कुणाच्या घरी जायचं म्हणजे पंचाईत झाली आहे. चपला काढायच्या आत घरातली बाई तोंडावर बोट ठेवते. "हळू! अभ्यासाला बसलेत." कोण बसलंय? नातू? छे. मुलगा? तो तर ओट्यावर मोबाइल कुरवाळतोय. बसलेत ते घरचे कर्ते पुरुष! वय एकेचाळीस, रांजणगावच्या एमआयडीसीत लाइन सुपरवायझर, समोर बी.ए.चं पुस्तक, हातात पिवळा हायलायटर आणि टेबलावर उलटं धावणारं घड्याळ. आपण साखरपुड्याचं आमंत्रण द्यायला गेलेलो, पण घड्याळात अजून अकरा मिनिटं शिल्लक. ती संपल्याशिवाय काका मान वर करणार नाहीत. काय म्हणावं या काळाला?

बरं, माणसं शिकतात याबद्दल आपलं काही म्हणणं नाही. शिकावं बापड्यांनी. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशकात निघालं, 'ज्ञानगंगा घरोघरी' म्हणत गावोगाव पोचलं आणि आपल्यातल्या कितीजणांनी गाजावाजा न करता पदवी खिशात घातली. बारावी झाली नसेल तर पूर्वतयारीची वाट. दहावी बुडाली असेल तर १७ नंबरचा फॉर्म. रविवारी संपर्कसत्राला जायचं, कुणी विचारलं तर "तालुक्याला काम होतं" म्हणायचं आणि निकालाच्या दिवशी थेट पेढेच वाटायचे. चोरून विडी ओढावी तसा अभ्यास लपूनछपून चालायचा.

आता अभ्यास राहिला बाजूला. आता 'अभ्यास कसा करावा' याचाच अभ्यास सुरू झालाय! त्याचे वर्ग वेगळे, व्हिडिओ वेगळे, वक्ते वेगळे, डायऱ्या वेगळ्या. आणि जोडीला वेळेचं नियोजन. सलूनमध्ये तेच, दशक्रियेच्या गर्दीत तेच. डेअरीवर दूध घालायला आलेला माणूस फॅट आणि डिग्री सोडून 'फोकस'वर बोलतो. गाईचा फॅट लागेना झालाय, तिकडे कोण बघतंय?

सगळ्यात कहर केला तो टोमॅटोनं. इटलीतल्या फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या एका विद्यार्थ्याचं १९८०च्या दशकाच्या शेवटी अभ्यासात लक्ष लागेना. त्यानं स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर उचलला आणि त्याला किल्ली देऊन बसला. पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं सुट्टी, अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. एवढीच काय ती विद्या. आपल्या आज्या खुरपताना बांधावर टेकायच्या, त्याला कुणी नाव दिलं नाही म्हणून मागे पडल्या बिचाऱ्या. टोमॅटो म्हटलं की आपल्याला नारायणगावचा बाजार आठवणार, क्रेट आठवणार, पडलेला भाव आठवणार. आणि इथे माणसं एकमेकांना विचारतात, "आज किती टोमॅटो झाले?" "सहा झाले हो, सातव्याला डोळा लागला."

एका काकूंनी तर यावरही कडी केली. त्यांना टायमर नको नि मोबाइलही नको. कुकर आहे ना! पहिल्या शिट्टीपर्यंत एक पान वाचायचं. शिट्टी झाली की पुस्तक पालथं. दुसरी होईपर्यंत वाचलेलं मनातल्या मनात आठवायचं, तिसरीला गॅस बंद करायचा आणि वाफ जिरेस्तोवर आठवलेलं वहीत उतरवायचं. वरण-भात आणि राज्यशास्त्र एकाच आचेवर! सासूबाईंची तक्रार एवढीच, की परीक्षा जवळ आली की डाळीचा पार लगदा होतो. संसदीय समित्यांच्या धड्याला पाच शिट्ट्या लागल्या म्हणे.

पण काकूंसारखी माणसं विरळा. बाकीच्यांची घरं एकदा बघून या. फ्रीजवर वेळापत्रक, दारामागे दुसरं, देवघराशेजारी तिसरं. हिरवा रंग वाचनाचा, तांबडा उजळणीचा, निळा कंपनीचा. आणि एका कोपऱ्यात पिवळा ठिपका, 'फॅमिली टाइम'. वहिनी विचारतात, "अहो, हे पिवळं एवढंसंच का?" उत्तर येतं, "पुढच्या आठवड्यात वाढवू." हे वेळापत्रक आखायला गुरुवारी बसलेला माणूस रविवारी रात्री उठला. स्केचपेनचे दोन सेट संपले. पट्टी सापडेना तेव्हा पोराच्या कंपासपेटीवर धाड पडली. शेवटी ते इतकं देखणं झालं, की पाळून खराब करायला मन धजेना! त्याचा फोटो मात्र भावकीच्या ग्रुपवर गेला आणि त्याला जेवढे अंगठे आले, तेवढे काकांच्या लग्नाच्या वाढदिवसालाही आले नव्हते. आपलं तर मत झालंय, की या माणसांना पदवी वगैरे काही नको. त्यांना आखायचंय. शाळेत समास आखायची जी हौस मास्तरांनी छडीने मोडली, ती चाळिशीत उफाळून आलीय.

आणि त्या कार्यशाळा! महामार्गालगतचं मंगल कार्यालय. परवा जिथे अक्षता पडल्या, तिथेच आज 'प्रौढांसाठी अभ्यासकौशल्ये व वेळेचे व्यवस्थापन'. फ्लेक्सवर वेळ 'सकाळी ठीक १० वाजता'. ठीक दहाला हॉलमध्ये कोण? मांडववाला आणि साउंडवाला. अकराला निरोप येतो, पाहुणे निघालेत. आपल्याकडे निघालेत म्हणजे अंघोळीला गेलेत, हे शेंबडं पोरही सांगेल. सव्वाबाराला गाडी आली. मग दीपप्रज्वलन. काडी विझली, पंखा बंद करा, दुसरी काडी. मग स्वागतगीत. मग फेटे. बांधणारा एक आणि डोकी अकरा! प्रास्ताविकवाल्यानं वेळेचं महत्त्व सांगता सांगता चाळीस मिनिटं खाल्ली. व्याख्याते उभे राहिले तेव्हा मसालेभाताचा वास पहिल्या रांगेपर्यंत पोचला होता. "वेळेअभावी मी थोडक्यात सांगतो," ते म्हणाले. आणि एक माणूस हसेल तर शपथ! सगळे ते वाक्य वहीत उतरवून घेत होते.

मग त्यांनी फळ्यावर चार चौकोन काढले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या नावानं हा प्रकार ओळखला जातो आणि स्टीफन कव्ही यांच्या १९८९च्या गाजलेल्या पुस्तकानं तो जगभर नेला. महत्त्वाचं नि तातडीचं हा पहिला चौकोन. महत्त्वाचं पण तातडीचं नसलेलं दुसऱ्यात, तातडीचं पण किरकोळ तिसऱ्यात आणि दोन्ही नसलेलं चौथ्यात. आपापली कामं भरा म्हणाले. मंडळींनी भरली. गाय व्यायला झालीय, पहिला चौकोन. रात्रीची लाईट आहे, उसाला पाणी, पहिला. भावकीतली दशक्रिया? तालुक्याचे दोन्ही गट येणार, न जाऊन चालेल का? पहिला. मेव्हण्याचा साखरपुडा, पहिला. सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायचंय, पहिला. यात्रेतला बैलगाडा, अहो हा काय विचारायचा प्रश्न झाला? पहिल्यात मुंगी शिरायला जागा नाही आणि बाकीचे तीन कोरे ठणठणीत. अभ्यास कुठे लिहायचा? एकानं समासात लिहिला.

बैलगाड्याचं निघालंच आहे म्हणून विचारतो. गाडा घाटात किती सेकंदांत गेला यावरून ज्या पट्ट्यात रात्र-रात्र भांडणं होतात, सेकंदाच्या पॉइंटांवर जिथे नंबर ठरतो, त्या माणसांना वेळेची किंमत सांगायला बाहेरून वक्ता आणायचा? सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१मध्ये शर्यतींची वाट मोकळी केल्यापासून तर घड्याळं पुन्हा हातात आलीत. 'घाटाचा राजा' कोण ठरला आणि किती पॉइंटांनी, हे झोपेतून उठवलं तरी सांगणारा गडी "अभ्यासाला वेळच मिळत नाही हो" म्हणतो. कान कुणी धरायचे त्याचे?

आता पहाटे पाचचं ऐका. रॉबिन शर्मा नावाच्या कॅनडातल्या लेखकानं २०१८ साली पहाटे पाचच्या क्लबवर पुस्तक लिहिलं. तेव्हापासून उशिरा उठणारा माणूस जवळजवळ गुन्हेगार ठरलाय. समर्थांनी दासबोधात पहाटेच्या पाठांतराची शिफारस साडेतीनशे वर्षांपूर्वी करून ठेवली, तेव्हा आपण कूस बदलली होती. कॅनडातून निरोप आल्यावर कसे ताडकन उठून बसलो! पण नाईट शिफ्ट करून सकाळी घरी परतणाऱ्यानं पाचला कुठून उठायचं? तो तर झोपलेलाच नाही! आणि उठून बाहेर पळायला जायचं? शिरूर तालुक्यात? उसात बिबट्यानं बिऱ्हाड केलंय. माणसं, लेकरं दगावलीत. त्यात थट्टेसारखं काही नाही आणि अंधारात कुणी शहाणा बाहेर पडत नाही. म्हणून एका साधकानं पळण्याचा तो सल्ला भिंतीवर चिकटवून खाली स्वतःच्या अक्षरात 'घरातल्या घरात' असं जोडलंय. रोज पहाटे पाचला तो पडवीत वीस फेऱ्या मारतो. घरचं कुत्रं एक डोळा उघडतं, बघतं, मिटतं.

याच तालुक्यात दुसराही एक गडी आहे, तिशी ओलांडलेला. स्पर्धा परीक्षेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, मागास प्रवर्गांना ४३. ती आकडेवारी त्याच्या आईलासुद्धा पाठ. शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, त्यामुळे त्याचं वेळापत्रक आखायला स्केचपेन लागलाच नाही. रात्री लाईट आली की स्टार्टरचा खटका दाबायचा. डोक्याला बॅटरी, हातात खोरं, एका कानात आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासाचं लेक्चर. दुसरा कान मोकळा, तो बिबट्यासाठी राखीव. एक सरी भरेपर्यंत एक समाजसुधारक. दारं मोडलं की पुढची सरी, पुढचा सुधारक. बांधाकडच्या पहिल्या सरीत बाळशास्त्री जांभेकर, आंब्याखाली लोकहितवादी, बोअरपाशी महात्मा फुले. प्रश्न आला की हा डोळे मिटून उसातून चालत जायचा आणि उत्तर घेऊन यायचा! जुने ग्रीक-रोमन वक्ते लांबलचक भाषणं लक्षात ठेवायला मनातल्या मनात एका वाड्याच्या दालनांतून असेच हिंडायचे. यानं वाडा उसात बांधला, एवढाच फरक. त्याचं पुढे काय झालं ते सांगतो, जरा दम धरा. आधी दौंड.

दौंडची तऱ्हा निराळी. तिथे रेल्वे आहे, राज्य राखीव पोलीस बलाचे गट आहेत, कुरकुंभची एमआयडीसी आहे. म्हणजे घड्याळाच्या तालावर नाचणारी माणसं घरटी एक. त्यांना तरी या खुळाची बाधा होऊ नये? पण पुण्याच्या गाडीत चढून बघा. पंचाहत्तर किलोमीटरच्या त्या प्रवासात पूर्वी पत्त्यांचा डाव रंगायचा, कोपऱ्यात भजन चालायचं. आता ब्रीफकेस आडवी टाकली की तिच्यावर चालू घडामोडी. हडपसर ते उरुळी बुद्धिमत्ता, उरुळी ते यवत गणित, यवत ते केडगाव उजळणी. कडेठाण गेलं की पुस्तकं पिशवीत. पाटसला सराव प्रश्न, आणि दौंडला उतरताना गुण मोजायचे. गाडी सिग्नलला थांबली की सगळा डबा एका सुरात करवादायचा, आठवतं? परवा गाडी थांबली आणि एकजण म्हणाला, "बरं झालं, माझी टक्केवारी राहिली होती." बाकीच्यांनी त्याच्याकडे रागानं पाहिलं, कारण तो मोठ्यानं बोलला होता. बंदोबस्तावरून परतणारा जवान बूट न काढता खात्यांतर्गत परीक्षेची प्रश्नपत्रिका सोडवतोय. शेजारचा टीसी आपल्या विभागीय परीक्षेची. तिकीट कोण तपासतंय मग?

केडगाव स्टेशन आलं की मात्र दोन क्षण मान वर करावी. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच. १८९६-९७च्या दुष्काळात होरपळलेल्या मुली-बायका त्यांनी आणल्या आणि ज्यांना कुणी कधी पाटीजवळ फिरकू दिलं नव्हतं, त्यांच्या हाती पाटी दिली, मागाचा धोटा दिला, छापखान्यातले खिळे दिले. बाई स्वतः संस्कृतच्या पंडिता, 'सरस्वती' पदवी मिळवलेल्या. पण बायबल मुळातून मराठीत आणायचं ठरवल्यावर प्रौढ वयात हिब्रू नि ग्रीकला भिडल्या, आणि १९२२ साली गेल्या तोवर त्या कामाला जुंपलेल्या होत्या. ते छापलं गेलं इथेच, त्या बायकांच्या हातांनी. म्हणजे बघा, दौंड तालुक्यात मोठ्या वयात शिकायचं वेड सव्वाशे वर्षं जुनं आहे. हे ऐकून डब्यातल्या एकानं हायलायटर दातात धरूनच विचारलं, "त्या कुठला ॲप वापरायच्या?"

आज्यांनीही मागे का राहावं? मार्च २०२४मध्ये राज्यभर नवसाक्षरांची चाचणी झाली. वाचन, लेखन, संख्याज्ञान मिळून १५० गुण, आणि पंधरा वर्षांपुढचा कुणीही परीक्षार्थी. मुरबाड तालुक्यातल्या फांगण्यात तर २०१६पासून आजीबाईंची शाळाच आहे, गुलाबी लुगड्यांच्या गणवेशासकट. आपल्याकडच्या एका आजीला नातवानं वेळापत्रक करून दिलं. आजीनं ते लांब धरून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, साडेसात ते आठ माझी मालिका हाय. ती सोडून कुठंबी घाल तुझं शिक्षण." चौकोन न काढता सगळ्यात पक्का अग्रक्रम लावला की नाही?

आता या सगळ्यातली खरी गंमत. २०१३ साली अमेरिकेत जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती पारखून निवाडा दिला. ओळींवर रंग फासणं आणि तेच ते पुन्हा वाचणं, दोन्ही तळात. वर काय? न बघता स्वतःची परीक्षा घेणं आणि उजळणी थोड्या थोड्या दिवसांनी विखरून करणं. म्हणजे कुकरवाल्या काकू पहिल्या वर्गात पास, आणि काकांनी आणलेले डझनभर हायलायटर गेले वाया! एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ साली निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून, विसरायला किती वेळ लागतो ते मोजून ठेवलं होतं. आपल्याकडे दिवेलागणीला पोरांना रांगेत बसवून पावकी-निमकी म्हणायला लावायचे, तेही रोज आणि न बघता. हायलायटरची ही बातमी काकांच्या कानावर कुणीतरी घातली. काका गंभीर झाले. मग त्यांनी डायरीत 'हायलायटर वापरू नये' असं लिहिलं आणि त्यावरून पिवळा रंग फिरवला.

आपण हसतोय खरं, पण जरा दाराला कडी लावून बोलू या का? तुमच्या मोबाइलमध्ये तो जंगल वाढवणारा ॲप कुणी टाकला? मोबाइलला हात लावला की झाड मरतं, तेच ते. आणि विमा एजंटनं दिलेल्या डायरीत जानेवारीची पहिली नऊ पानं सुवाच्य अक्षरात भरलीत, दहावं कोरं, ती डायरी कुणाची? कालनिर्णयावर पूर्वी दुधाचे खाडे आणि गॅसची तारीख असायची. आता मंगळवारच्या चौकोनात बारीक 'उ' लिहिलाय, तो उपासाचा की उजळणीचा? सूनबाईला सांगितलंत उपासाचा, आणि त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी मुकाट गिळलीत, खरं ना? सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर खतांच्या पोत्यांमागे टेबल मांडलंय. तिथे 'हिशेब चालू आहे' अशी पाटी लागली की समजायचं, साहेबांचा टोमॅटो सुरू आहे.

हां, तो उसातला गडी. पास झाला! गुलाल उधळला, मिरवणूक निघाली, डीजेही आला. आणि त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्याला वक्ता करून टाकलं. आता तो गावोगाव 'वेळेचे नियोजन : माझी यशोगाथा' सांगतो. पांढरा शर्ट, कॉलर माइक, मागे पडद्यावर आयसेनहॉवरचे चार चौकोन. म्हणतो, पहाटे पाचला उठा, रंगीत वेळापत्रक लावा, टायमर वापरा. उसाचं, खोऱ्याचं, त्या मोकळ्या ठेवलेल्या कानाचं नावसुद्धा काढत नाही! एकदा मागच्या रांगेतून त्याच्या चुलत्यानं ओरडून विचारलं, "आरं, आन् ते दारं धरायचं सांग की!" तर म्हणाला, "प्रश्न शेवटी घेऊ." शेवटी मसालेभात आला.

येत्या रविवारी त्याचं व्याख्यान आहे, त्याच मंगल कार्यालयात, सकाळी ठीक दहाला. आपण सगळे जाणार आहोत. अर्थात नावं ठेवायला! साडेबाराला निघू, म्हणजे वेळेवर पोचू. वही मात्र घरूनच घ्या, तिथे पन्नास रुपयांना विकतात.